कापलेल्या तारा

छंदाला नीतीचे प्रश्न विचारू नयेत, असा एक समज आहे. माणूस दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, रविवारची मिस्सा चुकवत नाही. मग फावल्या वेळात तो पोस्टाची तिकिटे जमवतो की जुनी घड्याळे, ह्यात कोणाचे काय जाते? आम्हांस हा समज पुरता पटत नाही. सक्तीने केलेल्या कामापेक्षा आवडीने केलेल्या कामात माणसाचे मन अधिक उघडे पडते, आणि जिथे मन उघडे पडते तिथेच प्रश्न विचारण्यात अर्थ असतो. म्हणून ह्या लेखापुरता आम्ही एक अगदी लहानसा छंद विचारासाठी घेतला आहे : जुन्या मोटारगाड्यांतील रेडिओ, कॅसेटचे डेक, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जमवण्याचा, ते दुरुस्त करण्याचा आणि त्यांवर गाणी ऐकण्याचा.

हा छंद लोणावळा-खंडाळ्याकडे रुजावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होईपर्यंत मुंबई-पुण्याची सारी रहदारी बोरघाटातील जुन्या रस्त्यानेच चाले. खोपोली सोडून चढ लागला की फियाटचे वा अँबॅसडरचे पाणी उकळू लागे आणि बॉनेट उघडून गाडी निवण्याची वाट पाहावी लागे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची कथा ज्याच्याशी जोडलेली आहे त्या शिंगरोबाच्या देवळापाशी येणारेजाणारे गाडीतूनच नाणे टाकीत. गाडीत रेडिओ असला तर मुंबई केंद्राचा आवाज कड्यांआड विरत जाई, काही वळणे नुसती खरखर उरे, आणि माथ्यावर मावळची मोकळी हवा लागली की काटा फिरवून पुणे केंद्र शोधायचे. हे केंद्र १९५३ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. ह्या रस्त्याने गेलेल्या कित्येक गाड्या पुढे बंगल्यांच्या मोटारखान्यांत ताडपत्रीखाली विसावल्या. गाडी राहते, पण तिचे यंत्र बहुधा आधी मरते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या ओलीत स्पीकरचा कागदी शंकू लिबलिबीत होतो, कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढते, आणि डेकमधला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चाकाला चिकटून बसतो. कीड आणि गंज जिथे संपत्ती खातात, तिथे ती साठवू नये ही प्रभूची शिकवण समजावून द्यायला इथला एक पावसाळा पुरे आहे.

ही यंत्रे मुळात काय आहेत ते थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर माणसे त्यांच्या मागे का लागतात हे कळणार नाही. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन ह्या कारखानदाराने मोटारीत बसवण्याजोगा, सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यातला रेडिओ विक्रीस आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस ह्यांचा आवाज प्रथमच जगभर गेला. चालत्या गाडीत बसलेला माणूस आणि पेत्राच्या आसनावर बसलेला माणूस, दोघेही एकाच सुमारास ह्या अदृश्य लहरींच्या कक्षेत आले. १९३२ साली जर्मनीतील ब्लाउपुंक्ट ह्या कंपनीने युरोपातला पहिला मोटार-रेडिओ काढला. त्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास होते आणि किंमत लहान गाडीच्या सुमारे एक तृतीयांश. ब्लाउपुंक्ट म्हणजे निळा ठिपका. ही कंपनी आरंभी कानाला लावायचे हेडफोन बनवी आणि तपासणीत उतरलेल्या प्रत्येक नगावर तपासनीस निळा ठिपका लावी. गिऱ्हाइके दुकानात ‘निळा ठिपका’ मागू लागली आणि शेवटी ठिपक्याचेच नाव कंपनीला मिळाले. प्रामाणिक तपासणीची खूणच नाव होऊन बसावी, हे आम्हांस फार आवडते.

त्या काळचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत. गाडीच्या बॅटरीचा दाब सहा किंवा बारा व्होल्ट, आणि व्हॉल्व्हला लागत दोनशेच्या घरातले व्होल्ट. बॅटरीच्या स्थिर प्रवाहाचा दाब तसाच्या तसा वाढवता येत नाही, म्हणून ‘व्हायब्रेटर’ नावाची एक कंप पावणारी पट्टी तो सेकंदाला शेकडो वेळा तोडी-जोडी, आणि मग ट्रान्सफॉर्मर तो चढवी. रेडिओ लावला की गाण्याआधी ह्या पट्टीची गुणगुण ऐकू येई आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. पन्नाशीच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि ती वाट पाहणे संपले. १९६३ साली फिलिप्सने लहान कॅसेट जगापुढे ठेवली. त्याच वर्षी, ४ डिसेंबरला, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने समाजसंपर्काच्या साधनांविषयीचा आपला आदेश मंजूर केला. ही साधने देवाच्या देणग्या आहेत आणि त्यांचा वापर कसा होतो ह्याला माणूस जबाबदार आहे, असा त्याचा आशय. कॅसेट लवकरच मोटारीत शिरली. आपल्याकडे ती मुख्यतः सत्तरीच्या दशकात आली, आणि तीही दुकानातून कमी, आखातातून व बोटीवरून परतणाऱ्यांच्या सामानातून अधिक. वसईत, मुंबईत, गोव्यात ज्या ख्रिस्ती कुटुंबांतले पुरुष जहाजावर वा आखाती देशांत होते, त्यांना पायोनियर, अल्पाइन, नाकामिची ही नावे परकी नव्हती. त्यांतल्या किती नगांवर जकात भरली गेली, हा प्रश्न त्या वेळी जेवणाच्या टेबलावर निघत नसे.

आता छंदावरचा पहिला आक्षेप. हा लोभच नव्हे काय? संत लूकच्या शुभवर्तमानातील तो धनवान शेतकरी आपली कोठारे पाडून मोठी बांधू पाहतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. एका गाडीला एक रेडिओ पुरतो. मग कपाटात चाळीस कशाला? संत बाझिल ह्यांनी ह्याच दाखल्यावर प्रवचन करताना सांगितले की साठवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीतले वस्त्र उघड्याचे. पण हा युक्तिवाद जसाच्या तसा इथे लावता येत नाही. जुन्या ब्लाउपुंक्टवाचून कोणी उपाशी नाही, आणि कपाटातला चाळिसावा रेडिओ गरिबाला नेऊन दिला तर तो तो भंगारातच विकेल. बाझिल ह्यांचा शब्द लागू पडतो तो वस्तूंना नव्हे, त्यांपायी गेलेल्या पैशाला व वेळेला. म्हणून संग्राहकाने आपल्या कपाटापेक्षा आपली वही तपासावी. नाकामिचीच्या एका डेकसाठी लाखाच्या घरात पैसे मोजणारा माणूस मोलकरणीच्या पगारात शंभराची घासाघीस करीत असेल, तर त्याच्या डेकचा आवाज कितीही स्वच्छ असो, त्याच्या घरात खरखर आहेच.

दुसरीकडे, ही माणसे काही वाचवतातही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात वस्तू वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीवर कठोर टीका केली आणि योग्य हेतूने केलेला पुनर्वापर हे प्रेमाचे कृत्य ठरू शकते असे म्हटले. रेडिओतले सुकलेले कपॅसिटर बदलणे, स्पीकरचा फाटका शंकू पातळ कागद व सरस लावून सांधणे, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरून हव्या त्या मापाचा पट्टा शोधणे, ह्या कामांत एक नम्रता आहे. दुसऱ्याने केलेले काम समजून घेतल्याशिवाय ते दुरुस्त करता येत नाही. हेच पोप ११ जानेवारी २०२२ च्या संध्याकाळी रोममधल्या एका छोट्या रेकॉर्डच्या दुकानात गेले होते. दुकानदार त्यांचे जुने परिचित. नूतनीकरण झालेल्या दुकानाला आशीर्वाद देऊन ते एक रेकॉर्ड भेट घेऊन बाहेर पडले. संगीताच्या जुन्या साधनांवरचा जिव्हाळा पापाच्या यादीत बसत नाही, इतके तरी ह्यावरून समजायला हरकत नसावी. खंडाळा-लोणावळ्याच्या एकांतध्यानगृहांत जाऊन आलेल्या वाचकांना संत इग्नेशियसची कसोटी ठाऊक असेल : निर्माण झालेल्या वस्तू ध्येयाकडे नेतील तितक्याच घ्याव्यात, आड येतील तितक्या सोडाव्यात. संख्येचा नियम त्यांनी सांगितला नाही. चाळीस रेडिओ असलेला मोकळा असू शकतो आणि एकच असलेला जखडलेला.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे, आणि तो संत आगुस्तीनकडून येतो. ‘कबुलीजबाबां’च्या दहाव्या भागात ते कानाच्या सुखाविषयी लिहितात. मंदिरातल्या गायनाने ते हेलावत, आणि गायिल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाणेच मनाला अधिक भिडले तर आपण पाप केले असे त्यांना वाटे. तरीही गायन बंद करावे असा निर्णय ते घेऊ शकले नाहीत. यंत्राच्या शौकिनाची अवस्था ह्याच्या एक पायरी खाली असते. तो शब्द ऐकत नाही, बहुधा गाणेही ऐकत नाही. तो डेक ऐकतो. फीत वाचणारे डोके अंशभर तिरके बसले आहे काय, पट्टा सैल पडून स्वर हेलकावतो आहे काय, इकडेच त्याचे लक्ष. साधनाचा उपयोग करायचा आणि साध्यात रमायचे, असा भेद आगुस्तीन ह्यांनीच केला. इथे माणूस साधनातच रमून बसला आहे.

हे सारे मान्य करूनही आम्हांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्रावर प्रेम करणाऱ्या कानाला कधीकधी असे काही ऐकू येते, जे नुसते गाणे ऐकणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. जुन्या मोटार-रेडिओला खर्ज नाही, चकचकीत वरचा भागही नाही. त्याचा सारा जीव मधल्या पट्टीत. आणि हिंदी चित्रपटगीतांत ह्याच मधल्या पट्टीत गायिकेच्या मागे व्हायोलिनची ओळ सरकत असते. ती ओळ लिहिणारे आणि वाजवणारे पुष्कळदा आपलेच लोक होते. शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळाची रचना अनेक वर्षे सेबास्टियन डिसोझा ह्यांनी केली. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, १९५८ साली भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने त्यांचे नाव एका गाण्यात अजरामर केले, पण लोकांना वाटले ते पात्राचेच नाव. ते २०१२ साली वारले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर चाललेल्या ‘बिनाका गीतमाले’ने गायक आणि संगीतकार घरोघर नेले, मागच्या ओळीतल्या वादकांची नावे रेडिओवर सहसा उच्चारली जात नसत. चाळीस वर्षांपूर्वीचा स्पीकर सांधून कोणी त्या दुसऱ्या व्हायोलिनकडे नीट कान देत असेल, तर त्या ऐकण्यात थोडे ऋण फिटते असे आम्ही मानतो. लक्ष देणे हाही न्यायाचा एक प्रकार आहे. त्यानंतर संग्राहकाने ते नाव मुलांना सांगितले तर अधिक बरे.

जुने ते सोने म्हणून जो गहिवर काढला जातो त्याला मात्र आम्ही किंमत देत नाही. पूर्वी गाडीत एकच रेडिओ होता म्हणून सारे कुटुंब एकत्र ऐके, हे खरे; पण काय ऐकायचे ते वडीलच ठरवीत हेही खरे. आज भुशी धरणाच्या वाटेवर गाडीची डिकी उघडून डोंगर हादरवणारे जे तरुण दिसतात, त्यांच्याहून जुन्या रेडिओचा पाच वॉटचा आवाज सभ्य होता. पण ती सभ्यता माणसांची होती की वॉटांची, हे कोण सांगणार?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याविषयी ह्या छंदातले लोक फारसे बोलत नाहीत. ही यंत्रे येतात कुठून? काही घरचीच असतात. काही भंगारात निघालेल्या गाड्यांतून रीतसर मिळतात. प्रीमियर पद्मिनीच्या शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला, तोवर त्या गाडीचे सुटे भाग सर्वत्र पसरले होते. काही मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. तिथला सारा माल चोरीचा असतो असे म्हणणे प्रामाणिक दुकानदारांवर अन्याय करणारे होईल. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीची काच फोडून डेक पळवणे ही शहरातली नित्याची चोरी होती, हे त्या काळी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणून तर दांडीला धरून ओढून काढता येणारे डेक निघाले. लोक ते बगलेत मारून लग्नाला आणि मिस्सेला येत आणि बाकावर शेजारी ठेवीत. पुढे नुसता दर्शनी भाग काढून खिशात घालायची सोय झाली. ज्यांनी ही तसदी घेतली नाही, त्यांचे डेक गेले ते कुठे? ते नष्ट झाले नाहीत. चोरीचा माल कुठेतरी वाजतच असतो.

ह्या प्रश्नाची एक मूक खूण यंत्राच्या पाठीवरच असते. रीतसर काढलेल्या यंत्राच्या तारा जोडाशी सुटलेल्या असतात, कारण काढणाऱ्याला घाई नव्हती. घाईने काढलेल्या यंत्राच्या तारा पक्कडीने कापलेल्या असतात. लाल, काळ्या, पिवळ्या तारांची दोन-दोन इंचांची थोटके मागे लोंबत राहतात. कापलेली तार हा चोरीचा पुरावा नव्हे. भंगारवालाही घाईत असतो. परंतु शंका घेण्यास ती पुरेशी आहे, आणि शंका आल्यावर माणूस काय करतो ह्यातच त्याची नीती आहे.

देशाचा कायदा इथे स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विक्रेत्याकडे जी मालकी नाही ती तो गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. आणि माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता, २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेप्रमाणेही आहे. पण तीस वर्षांपूर्वीच्या डेकसाठी आता कोण फिर्याद करणार? म्हणून हा प्रश्न प्रत्यक्षात विवेकाच्या न्यायालयातच चालतो. तिथे संत थॉमस अक्विनस ह्यांचे उत्तर मिळते. परक्याची वस्तू हाती आली तर ती परत केली पाहिजे. मालक कोण ते नेटाने शोधूनही कळले नाही, तर तिचे मोल मालकाच्या कल्याणासाठी गरिबांना द्यावे, मग तो मालक जिवंत असो वा मेलेला. काळ लोटल्याने दोष विरघळतो काय? ख्रिस्तसभेच्या धर्मविधानातील १९८ वे कलम सांगते की दीर्घ ताब्याने हक्क प्राप्त व्हायचा असेल तर साऱ्या काळात शुद्ध हेतू असला पाहिजे. म्हणजे नकळत घेतलेल्याची गोष्ट निराळी, आणि मागच्या तारा पाहून नजर वळवणाऱ्याची निराळी. तीस वर्षे झाली, चोरी त्याने केली नाही, मालक बहुधा नवे यंत्र घेऊन विसरूनही गेला असेल, हे सारे युक्तिवाद आम्ही ऐकले आहेत. त्यांत थोडे तथ्य आहे. पण असे युक्तिवाद नेहमी वस्तू ज्याच्या हाती असते त्यालाच सुचतात, ज्याची काच फुटली त्याला सुचत नाहीत.

इथे कोणी म्हणेल की एका जुन्या डेकसाठी अक्विनसला बोलावणे म्हणजे मुंगीवर हत्ती सोडणे. कबूल, रक्कम लहान आहे. परंतु मुलांना पहिल्या कुमसारासाठी तयार करताना सातव्या आज्ञेखाली आपण त्यांना पेन्सिली आणि चिंचाच आठवायला सांगतो. प्रौढांची सातवी आज्ञा तेवढ्यात संपत नाही. हवीहवीशी वस्तू स्वस्तात समोर आली असता एक प्रश्न विचारावा की गप्प बसावे, ह्या क्षणी ती लागू होते. आणि हा क्षण जमिनीच्या व्यवहारात, फ्लॅटच्या व्यवहारात, भावाभावांतल्या वाटणीत असाच येतो, फक्त आकडे मोठे असतात. दुकानदाराला ‘हे कुठून आले?’ असे विचारायला खर्च येत नाही. उत्तर टाळले गेले तर यंत्र ठेवून निघून यावे. पूर्वी घेतलेल्यांविषयी शंका असेल तर अक्विनसचा मार्ग खुला आहे : त्या मोलाइतके पैसे धर्मग्रामातल्या व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या पेटीत टाकावेत, आणि ते दानाच्या हिशेबात धरू नयेत, कारण ते दान नव्हे.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या काही परदेशी गाड्यांतून मध्यमलहरींचा रेडिओच काढून टाकण्यात आला आहे. विजेच्या मोटरीची खरखर त्यात शिरते, म्हणून. तेव्हा काटा फिरवून केंद्र शोधणारी यंत्रे पुढे आणखी दुर्मिळ होतील, त्यांचे भाव चढतील, आणि बाजारात काय विचारावे नि काय विचारू नये ह्याचे मोहही चढतील. जुन्या काळी काही सावध गाडीमालक आपल्या गाडीचा नंबर सुईने यंत्राच्या तळाच्या पत्र्यावर कोरून ठेवीत. गंज फार चढला नसेल तर तो आजही वाचता येतो, आणि त्या नंबरावरून नाव शोधायची सुरुवात परिवहन कार्यालयात करता येते. असा कोरलेला नंबर कौतुकाने दाखवणारे संग्राहक आम्हांस भेटले आहेत. तो कागदावर उतरवून घेऊन कार्यालयात गेलेला अजून कोणी भेटलेला नाही.